पास्कलचा टायर

धक्क्याचं सुशोभीकरण करणाऱ्या ठेकेदाराने आम्हाला फसवलं. बोटी आपटून फुटू नयेत म्हणून भिंतीवर लटकवलेले जुने टायर त्याने काढून टाकले, त्या जागी रबराचे जाड पट्टे बसवतो म्हणाला, आणि बसवले नाहीत. त्या उघड्या भिंतीपायी माझा मित्र पास्कल जिवानिशी गेला. हे आधीच लिहितो, कारण गेले काही आठवडे जो तो मला समजावतोय की दर्याचं काही सांगता येत नाही. दर्याने काही केलेलं नाही.

फोन पास्कलच्या धाकट्या भावाचा, आंतोनचा आला. मी बोरीवलीच्या दुकानात एका गिऱ्हाइकाशी दोरखंडाच्या भावावरून भांडत होतो. "दादा, पास्कल बोट नि भिंतीच्या मधे सापडला," एवढंच तो बोलला. मागे बोटीचं इंजिन चालूच होतं. कोणी ते बंद का करत नाही, हेच माझ्या डोक्यात घुमत राहिलं... अजूनही रस्त्यावर एखादं डिझेल इंजिन तसं धडधडलं की मी दुकानाबाहेर जाऊन ते बंद करायला सांगतो.

मी मालवणहून येऊन जुने टायर आणि दोरखंड विकून उभा राहिलेला माणूस, गोड बोलणं मला जमत नाही. पास्कल खारदांड्याचा, ख्रिस्ती, पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. आमची ओळखही भांडणातूनच झाली. बोटीच्या अंगाला बांधायला टायर हवेत म्हणून तो आला आणि एकेक टायर दाबून बघत बसला. "काय रे मालवण्या, हा टायर हाय का जळलेली भाकरी? माझी बोट लाकडाची हाय, सायकल नाय." मी म्हटलं, "मग उशा बांध!" तो हसला आणि स्टूल ओढून बसला. चहा पिऊन उठला तेव्हा माझा भाव मोडलेला होता. वर माझंच ड्रिल घेऊन त्याने टायरच्या खालच्या बाजूला भोक पाडलं. पाणी आत साचलं की टायर जड होतो आणि दोर तुटतो, म्हणाला. त्यानंतर त्याचा प्रत्येक टायर भोक पडल्याशिवाय माझ्या दुकानाबाहेर गेला नाही.

पुढे मीही खारदांड्याला त्याच्या धक्क्यावर जायला लागलो. बोट धक्क्याला कशी लागते त्यावरून तो माणूस ओळखायचा. "तो बघ, इंजिन ओरडवत येतो, घरीपण तसाच. आणि ह्याच्या शिव्या आत्ताच चालू, म्हंजे आपटणार." फायबरची होडी हलकी, आपटली तर उडते, ओरखड्यावर भागतं. लाकडी बोट जड असते, ती आतल्या आत फुटते आणि खोल पाण्यात गेल्यावर सांगते. असं बोलता बोलता तो मध्येच थांबायचा. भिंत आणि बोट यांच्या फटीतलं पाणी आधी खाली जातं, मग घोट घेतल्यासारखा आवाज करून वर येतं. भर वाऱ्यात जाळं ओढणारा हा माणूस त्या आवाजाला घाबरायचा. नव्या खलाशांना त्याचा एकच दम असे, "बोट आपटली तर आपटू दे. ती अडवायला भिंतीला पाय लावायचा नाय. लाकूड परत मिलतं."

आणि त्यानेच पाय लावला. बोटीच्या त्या बाजूच्या फळ्या नुकत्याच बदलल्या होत्या, रंगाचा वासही गेला नव्हता. बोटीला टायर होते, पण मागून आलेल्या लाटेने ती तिरकी फिरली आणि टायर नसलेली कड भिंतीवर निघाली. आंतोन म्हणतो, त्याने विचार केलाच नाही. मूल पडताना आईचा हात जातो तसा त्याचा पाय गेला. तोल गेला आणि तो फटीत पडला. भिंतीवर टायर असते तर पाय उचलायची वेळच आली नसती.

टायर काढले त्या दिवशी पास्कल ठेकेदाराला अडवून उभा राहिला होता. ठेकेदार म्हणाला, "काका, इथे लोक फिरायला येणार, फोटो काढणार. हे काळं काळं बरं दिसतं का?" "दिसू दे. पट्टे कधी लावतोस ते बोल." "पावसाआधी. शब्द आहे माझा." आता तो म्हणतो, असं बोलणं झालंच नाही. मी दोन पावलांवर उभा होतो.

आंतोन तीच बोट चालवतो, त्याच भिंतीला लावतो. घर तिच्यावरच आहे. बोट यायची वेळ झाली की पास्कलची बायको फिलोमीना वहिनी क्रुसासमोर जाऊन बसते, आणि मी दुकानात फोन हातात धरून. "लागली" एवढा एक शब्द आंतोनकडून येईपर्यंत माझ्या तोंडून भाव निघत नाही.

पास्कलने निवडलेला शेवटचा टायर माझ्याकडेच राहिला होता. भोक पाडलेला, पण न्यायचा राहिलेला. परवा मी तो स्वतः जाऊन भिंतीवर बांधला. दुसऱ्या दिवशी दोर सुरीने कापलेला आणि टायर खाली गाळात. मी तो उचलून परत आणलाय. त्या भोकातून अजून काळं पाणी ठिबकतंय.

ठेकेदाराने आंतोन बोट लावत असताना धक्क्याच्या कडेला येऊन उभं राहावं. त्या फटीतला आवाज ऐकावा. आणि मग फिलोमीना वहिनीच्या तोंडावर सांगावं, पट्टे कुठे आहेत, आणि हा दोर कोणी कापला?