साळव्यांची डुलकी

दानिएल साळव्यांच्या शोकसभेत परवा तीन थापा ऐकल्या. ते घरोघरी येशूचा संदेश देत, ही पहिली. कामात चोख होते, ही दुसरी. ‘साहेबांनी त्यांना नेहमी सांभाळून घेतले’, ही तिसरी. ती तर माझ्याकडे हात करून ठोकली गेली. बालाघाटच्या तारघरात मी साहेब होतो आणि साळवे माझ्या हाताखाली तारा वाटत. तेव्हा वक्त्यांनी जरा खाली बसावे.

येशूचे नाव साळव्यांनी माझ्यादेखत एकदाही घेतले नाही. आणि चोख? तार कोणतीही असो, ती खिशातच ठेवून हे गृहस्थ विचारत, “जेवन झालं का जी?” झाले नसेल तर, “मंग जेवून घ्या पहिले, मी बसतो.” घरचे जेवत आणि हे ओसरीवर डोळे मिटून बसत. वाईट बातमीचा संशय येऊ नये, म्हणून मुलगा झाल्याच्या तारेलाही हाच विधी. म्हणजे दिरंगाई दुप्पट! बातमी ऐकून कोणाला निघावे लागलेच तर गाडी चुकू नये, म्हणून गोंदियाच्या गाडीची वेळ तेवढी पाहून ठेवलेली असे.

“साळवे, तार पोचवायची असते, पंगत बसवायची नसते!” मी एकदा कडाडलो.

“हौ साहेब. पन बातमी कोठी पळून जाते? आयकल्यावर दोन दिवस घास नाही उतरत मानसाले.”

मी अहवाल लिहिला : ‘दिरंगाई करतो, लोकांच्या ओसरीवर झोपतो.’ साळव्यांनी तो वाचला, “बराबर लिवलं” म्हणून खाली सही केली. बढती गेली ती कायमची.

पुढे एका रविवारी दुपारी ते माझ्याच दारात उभे राहिले. नागपूरला माझा धाकटा भाऊ इस्पितळात होता.

“जेवन झालं का, साहेब?”

हात पुढे करून तार मागण्याचा मला अधिकार होता. नियम मीच त्यांना शिकवले होते. मी म्हणालो, “नाही.”

“मंग जेवून घ्या. मी बसतो.”

बायकोने काही न कळता वाढले. मी भात दोनदा मागून घेतला. ताटात भात होता तोवर माझा भाऊ जिवंत होता. समोर ओसरीवर साळवे डोळे मिटून बसले होते. त्यांचे ओठ हलत होते.

झोपलेल्या माणसाचे ओठ असे हलत नाहीत, एवढे मलाही कळते. तो अहवाल मी नंतर मागे घेतला, असेही सभेत कोणी पुटपुटले. साफ खोटे. साळवे तारा वाटतच निवृत्त झाले, आणि ‘झोपतो’ हा शब्द माझ्या अक्षरात त्या कागदावर अजून तसाच आहे.