चातुर्मासातले लाल ग्लोव्हज

तुम्हाला म्हणून सांगते, त्या वर्षी आषाढी एकादशीला देवासमोर बसून मी एक नेम धरला होता, आणि त्या नेमापायी माझी जी फजिती झाली, ती आठवली की आजही मी एकटीच हसते.

माझे चातुर्मासाचे नेम हा आमच्या घरातला दरवर्षीचा करमणुकीचा विषय. एका वर्षी वांगं सोडलं, एका वर्षी साखर, आणि एका वर्षी तर वरच्या मजल्यावरच्या बाईंविषयी बोलणं सोडलं. (तो नेम सगळ्यांत जड गेला हो!) त्या वर्षी मात्र वाटलं, खाण्यापिण्याचं पुष्कळ झालं. म्हणून हात जोडले आणि म्हटलं, "देवा, हे चार महिने या घरातल्या कुठल्याही हातानं कुणालाही लागणार नाही. दोन पायांचं असो की सहा पायांचं."

"झुरळांना कळवलंस का?" पेपरातून डोकं वर न काढता आमच्या ह्यांनी विचारलं.

आणि पंधरा दिवस झाले नसतील, तोच आमची रेवा कॉलेजातून आली नि म्हणाली, "आई, मला ग्लोव्हज हवेत. बॉक्सिंगचे. स्पॅरिंगसाठी."

बॉक्सिंगला ती वर्षभर जात होती, ते मला ठाऊक होतं. पण तिथे छताला एक लांबलचक पिशवी टांगलेली असते आणि मुली तिला मारतात, एवढीच माझी समजूत. पिशवीला कुठे लागतंय?

"स्पॅरिंग म्हणजे काय गं?"

"म्हणजे समोर पिशवी नाही, माणूस. एकमेकींना मारायचं, सरावासाठी."

साबुदाणा परतत होते. उलथनं तसंच हातात राहिलं. देवघराकडे बघायची हिंमत होईना.

रेवानं सगळं समजावलं. जिल्हा स्पर्धेसाठी तिच्या वजनगटात एकच जागा. रविवारी बॉक्सिंग क्लबचे गायकवाड सर रेवा आणि लोणी काळभोरची काजल यांचं स्पॅरिंग बघणार आणि ठरवणार. क्लबचे ग्लोव्हज पार फाटलेले, आतला कापूस बाहेर आलेला. सरांनी सांगून टाकलं होतं, "स्वतःचे चांगले ग्लोव्हज नसतील, तिनं रिंगमध्ये पाय ठेवायचा नाही."

आता सांगा, काय करायचं मी? एकीकडे देवाला दिलेला शब्द. दुसरीकडे ही पोरगी, जी लहानपणी पाहुणे आले की माझ्या पदराआड लपायची, आणि आज मान वर करून म्हणत होती, "आई, ती जागा मला हवीय."

चांदीच्या निरांजनासाठी मी एका डब्यात थोडे थोडे साठवत होते. तो डबा उघडला. देवाला म्हटलं, यंदा पितळेवर भागवा. आणि नेमाचं काय ते वाटेत सुचेल, असा विचार करून ह्यांच्या स्कूटरवर मागे बसले. रेवाला बरोबर घेतलं नाही. तिची परीक्षा होती, आणि तिला भाव करणाऱ्या आईची लाज वाटते.

स्वारगेटमागच्या एका गल्लीत सलीमभाईंचं खेळाच्या सामानाचं दुकान. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासूनचं. हे म्हणाले, "मी बाहेर थांबतो. तुझं खरेदीचं पारायण संपलं की हाक मार."

मी आत गेले आणि यादी म्हणून दाखवली. "ग्लोव्हज द्या. हलके द्या, मुलीचे हात दुखायला नकोत. स्वस्त द्या. आणि काळे नकोत, नवी वस्तू आहे."

सलीमभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "ताई, पोरगी मारणार कुणाला? बॅगेला की माणसाला?"

"माणसाला," मी इतक्या हळू म्हटलं, की शेजारी क्रिकेटचे पॅड बघणारे गृहस्थ दचकून मागे सरले.

"मग हलके विसरा. बॅगेचे ग्लोव्हज असतात आपल्या हातासाठी. स्पॅरिंगचे असतात समोरच्याच्या तोंडासाठी."

"म्हणजे?"

"म्हणजे जड, जाड, गुबगुबीत. आपण मारलं तरी समोरच्या पोरीला लागू नये, म्हणून. जास्तीचे पैसे त्याचेच."

अहो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं! दुसऱ्याच्या मुलीला लागू नये म्हणून वस्तू बनवतात आणि ती दुकानात विकत मिळते! चार महिन्यांचा माझा नेम तिथे फळीवर, प्लास्टिकच्या पिशवीत बसला होता.

"पण खात्री कशी करायची?" मी विचारलं. "तुम्ही असं करा, हा घाला नि मला एक मारून दाखवा."

"तौबा ताई!" सलीमभाई काउंटरच्या पार टोकाला गेले. "चाळीस वर्षांचं दुकान आहे माझं!"

मग काय, मीच घातला. आधी स्वस्तातला हलका घातला, आरशासमोर उभी राहिले आणि दिला स्वतःच्या गालावर ठेवून. कानात घंटा वाजली. डोळे मिटून घेतले. मग चौदा औंसांचा जड घातला आणि तेवढ्याच जोरानं दिला. उशीत तोंड खुपसल्यासारखं वाटलं! विश्वास बसेना, म्हणून आणखी दोन दिले. दुकानाच्या दारात चार माणसं जमली. त्यांच्या मागून आमचे हे डोकावले.

"आपल्या घरी आरसा आहे," ते म्हणाले.

जड ग्लोव्हज आमच्या डब्याला परवडत नव्हते. पण सलीमभाईंनी मनाचा मोठेपणा दाखवला. कमी भावात द्यायला शोकेसमधली एक लाल जोडी काढली. उन्हानं उजवा ग्लोव्ह जरा विटला होता, डावा कोरा करकरीत. "माल एक नंबर आहे, फक्त रंग उडालाय. अंगठ्यानं दाबून बघा, आतली गादी कुठे बसलीय का." मी वांगं दाबतात तसं सगळीकडून दाबलं, शिवण तपासली, मनगटाचा पट्टा वीस वेळा उघडला नि लावला. उत्तम! शिवाय लाल. आणखी काय हवं?

घरी आले ती विजयी मुद्रेनं. रेवानं आधीच बजावलं होतं, "आई, प्लीज, पूजा वगैरे काही नको हं." मी कुठे नाही म्हणाले? मी फक्त गप्प बसले.

पण नवी वस्तू घरात आली आणि तिला हळद-कुंकू लावलं नाही, असं आमच्याकडे कधी झालं आहे का? स्कूटरला लावलं, मिक्सरला लावलं, ह्यांच्या नव्या कवळीलासुद्धा डबीवरून लावलं. मग ज्या ग्लोव्हजवर माझा नेम उभा, ते तसेच कोरडे पाठवू? पाण्यातलं कुंकू पुसून जाईल, म्हणून तुपात कालवलं आणि दोन्ही ग्लोव्हजवर चांगलं ठसठशीत स्वस्तिक काढलं. अगदी पुढे, जिथून ठोसा बसतो तिथेच. लालावर लाल, कुणाला दिसणार? मग खणात गुंडाळले, वर नारळ ठेवला आणि रेवाला सांगितलं, "रविवारी रिंगपाशी गेल्यावरच सोडायचे. तोवर हात लावायचा नाही." तिनं कपाळाला हात लावला, पण ऐकलं.

रविवारी मी हॉलमध्ये पहिल्या बाकावर. शेजारी काजलची आई. लोणीहून पहाटेच्या गाडीनं आलेल्या, डोक्यावरून पदर, हातात शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. दोघींच्या मुली एकाच जागेसाठी समोरासमोर, पण त्यांनी आधी माझ्या हातावर लाडू ठेवला. "खावा ताई. पोरी मारत्यात, आपण कशाला उपाशी ऱ्हायाचं?"

पोरींनी डोक्याला जाड टोप चढवले. सरांनी दोघींच्या गालांना, नाकाला व्हॅसलीन चोपडलं. रेवानं खण सोडला, ग्लोव्हज घातले, शिट्टी वाजली.

काय सांगू, पोरगी नाचत होती! मी डोळे मिटून जप करायचं ठरवलं होतं, पण एक डोळा मिटेचना. रेवाचा डावा हात सटकन गेला, काजलच्या नाकावर बसला. मग उजवा, गालावर. आणि दुसऱ्या क्षणाला काजलचं तोंड लालभडक!

"रक्त!" कुणीतरी ओरडलं.

कुणीतरी म्हणजे मीच.

पुढचं मला अर्धवटच आठवतं. मी रिंगच्या दोरांतून आत शिरले. म्हणजे शिरायला गेले. माझी साडी वरच्या दोरात आणि मी खालच्या. त्याच अवस्थेत मी रडून सगळ्या हॉलला सांगत होते, "चूक माझी आहे! मी उन्हात विटलेले घेतले! मी भाव केला! देवा, माझा नेम मोडला!"

"काकू, आधी बाहेर या," गायकवाड सर म्हणाले. "तुम्ही पडाल."

पण मी कुठली ऐकतेय! तिथूनच सलीमभाईंना फोन लावला. "भाई, तुमच्या ग्लोव्हजनी पोरीचं नाक फुटलं!"

"ताई, शक्यच नाही!" ते पलीकडून ओरडले. "त्या ग्लोव्हजनी पापड मोडणार नाही! तुम्ही स्वतः तीनदा खाल्लेत!"

एवढ्यात काजलची आई शांतपणे उठल्या. रिंगच्या कडेला गेल्या, लेकीला वाकवलं आणि तिच्या गालावरून बोट फिरवलं. बोट नाकाशी नेलं. मग माझ्याकडे वळल्या.

"आवं ताई, ह्ये रगात न्हाय. कुकू हाय! आन् साजूक तुपातलं हाय!"

हॉलमध्ये फोनमधून सलीमभाईंचं "हॅलो, हॅलो" सगळ्यांना ऐकू गेलं. रेवानं हळूच ग्लोव्ह वळवून बघितला. मग माझ्याकडे बघितलं. ती नजर मी जन्मात विसरणार नाही.

"मला तर काही लागलंच नाही," काजल म्हणाली. "मी म्हणतेय, थांबवलं कशाला?"

आणि मग जो हशा पिकला! सर तर रिंगच्या खांबाला धरून उभे होते.

पण ऐका, त्या गोंधळात मी एक गोष्ट बघितली होती. लाल दिसताक्षणी, माझ्या ओरडण्याच्याही आधी, रेवाचे हात खाली आले होते. निवड, जागा, सगळं विसरून ती काजलला धरून विचारत होती, "लागलं का गं? जोरात लागलं का?" सरांनीही ते बघितलं होतं. तोंडं पुसून दोघींना पुन्हा खेळवलं आणि शेवटी रेवाचं नाव लिहिताना ते म्हणाले, "मारायला मी कुणालाही शिकवीन. असं थांबायला हिला कुणी शिकवलं?"

मी तिथे बसून पुरीसारखी फुगले. दोरात अडकून फाटलेला पदर मिरवत!

कार्तिकी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, द्वादशीला नेमाचं उद्यापन केलं, तेव्हा काजलला आणि तिच्या आईला जेवायला बोलावलं. पुरणपोळी झाली, ओटी भरली. मी करंडा घेऊन काजलसमोर गेले, तर तिनं दोन्ही हात गालांवर धरले. "काकू, लावा, पण कपाळालाच हं!"

आता तुमच्याकडे एक मागणं. येत्या चातुर्मासात वांगं सोडू नका, साखर सोडू नका. हा माझा नेम धरून बघा. घरात मुलांसाठी काही घ्याल, तर दुसऱ्याच्या लेकराला लागणार नाही, असं बघून घ्या. आणि पूजा जरूर करा. फक्त कुंकू कुठे लावलंय, ते स्वतःच्या लक्षात ठेवा!