मागून आलेली आजी

इस्पितळात तिला सगळे प्लास्टरबाई म्हणत. एकवीस वर्षं तिने एकच काम केलं होतं. डॉक्टरांनी मोडलेलं हाड जागेवर बसवलं की त्यावर कापूस गुंडाळायचा, कोमट पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या चढवायच्या आणि प्लास्टर घट्ट होईपर्यंत तो हात किंवा पाय आपल्या तळव्यांवर तोलून धरायचा. तळव्यांवरच, बोटांनी कधी नाही. बोटं रुतली की ओल्या प्लास्टरला खळगे पडतात आणि ते पुढे महिनाभर आतून कातडीला टोचत राहतात. एकवीस वर्षांत तिच्या प्लास्टरला खळगा पडला नव्हता. या गोष्टीचा तिला अभिमान होता, आणि तो रास्त होता.

प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. त्या उबेत माणूस बोलायला लागतो. आणि बोलायला लागला की थापा मारतो, असं तिचं ठाम मत होतं. पायरीवरून पडलो म्हणणारा भिंतीवरून उडी मारून आलेला असतो. दारात बोट चेमटलं म्हणणाऱ्याने ते कुणाच्या तरी जबड्यावर आपटलेलं असतं. त्यामुळे ती कुणाचंच बोलणं खरं धरत नसे, घरीही नाही. नवरा उशिरा आला की ती आधी त्याचे बूट बघायची, मग त्याचं तोंड.

पण तिचा खरा दात होता सायकलवाल्यांवर. रस्ता सोडून फुटपाथवर चढणारे, उलट्या बाजूने येणारे, सिग्नल लाल असताना एक पाय टेकवत टेकवत पुढे सरकणारे. त्यांनी पाडलेल्या माणसांची मनगटं आणि घोटे शेवटी तिच्याच टेबलावर यायचे. जेवायला बसलं की ती त्यांचा उद्धार सुरू करायची. सासूबाई समोर बसून मान खाली घालून जेवत. हल्ली जरा जास्तच खाली.

तेही तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. दोन महिन्यांपासून सासूबाई रोज सकाळी सातला ‘मैत्रिणीकडे’ जात आणि नऊला परत येत. सुट्टीच्या दिवशी प्लास्टरबाईला दिसायचं, येताना गाल लाल, श्वास चढलेला, आणि चेहऱ्यावर गुपित लपवणाऱ्या माणसाचा गोडवा. इथे कुठेतरी पाणी मुरतंय, हे प्लास्टरबाईने पहिल्याच आठवड्यात ओळखलं. तिचा हिशेब सरळ होता. सासूबाई मोठ्या जावेकडे जाऊन बसत असणार, आणि धाकटीच्या भाजीत मीठ किती पडलं इथपर्यंत सगळं तिथे ओतत असणार.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला एक शिंपी आला. उजवा घोटा सुजून भोपळा झालेला, गळ्यात मोजायची फीत तशीच लटकलेली. सोबत त्याची बायको. हाड तडकलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि त्याला प्लास्टरच्या खोलीत पाठवलं.

“कसं झालं?” प्लास्टरबाईने पट्टी भिजवत विचारलं.

“कारखान्यात चाललो होतो, बाई. फुटपाथवरून. मागून सायकल येऊन धडकली.”

“कोण होतं?”

शिंपी घुटमळला. बायकोकडे बघून मग हळूच म्हणाला, “एक आजी होती.”

“काय?”

“आजी. पांढरा अंबाडा, चष्मा. तीपण पडली. मग उठली, माझ्याकडे बघून ‘अगं बाई’ म्हणाली आणि सायकल ओढत निघून गेली.”

प्लास्टरबाईचा हात थांबला. एकवीस वर्षांत तिने नाना थापा ऐकल्या होत्या, पण ही अगदीच नवी होती. ती पट्टी बघायच्या निमित्ताने वाकली आणि तिने त्याच्या तोंडाचा वास घेतला. पेपरमिंटचा वास आला. सकाळी सकाळी पेपरमिंट कोण चघळतं? ज्याला दुसरा वास लपवायचा असतो तोच.

बायको दारात उभी राहून सगळं बघत होती. प्लास्टर झाल्यावर तिने प्लास्टरबाईला बाजूला घेतलं.

“तुम्ही रोज अशी माणसं बघता. हे खरं बोलतायत का? गेल्या वर्षी पिऊन मशीनवरच आडवे झाले होते. कारखाना माझ्या दादाचा आहे. त्याने बजावलंय, परत प्यायला की मशीन दुसऱ्याला. मला काय ते खरं सांगा.”

प्लास्टरबाईने हात पुसले. “सायकलवरच्या आजीने माणूस पाडलेला मी आजवर बघितलेला नाही.”

एवढंच ती म्हणाली. पण ते बोलण्यामागे एकवीस वर्षांचं वजन होतं. बायकोचा चेहरा दगडासारखा झाला. “झालं तर मग,” ती म्हणाली. “दादाला सांगते.” कुबड्यांवर लटकलेला शिंपी मागून ओरडत राहिला, “अगं, होती गं आजी! देवाशप्पथ होती!” मागच्या बाकावर बसलेले लोक हसले. प्लास्टरबाईही हसली.

तिची पाळी दोनला संपायची. पण त्या दिवशी दुसऱ्या पाळीची बाई आलीच नाही, आणि ती थांबली. चारच्या सुमाराला दार लोटून सासूबाई आत आल्या. डावा हात रुमालात बांधून गळ्यात अडकवलेला. सुनेला बघताच त्या उंबरठ्यावरच थबकल्या.

“तू अजून इथेच?”

पहिलाच शब्द हा. आई गं नाही, दुखतंय नाही. शंकेची पाल तिथेच चुकचुकली.

“मी नसताना यायचं ठरवलं होतं का, आई?”

“नाही गं. न्हाणीघरात घसरले. म्हटलं थांबेल दुखायचं.”

मनगट काट्या-चमच्यातल्या काट्यासारखं वाकलं होतं. हात टेकून पडलं की ते तसंच मोडतं, मग न्हाणीघरात पडा की आणखी कुठे. तिथवर ठीक होतं. पण प्लास्टरबाईने तळवा उलटा केला, तर कातडीत बारीक खडी रुतलेली.

“आपल्या न्हाणीघरात खडी कधीपासून आली?”

सासूबाईंनी छताकडे बघितलं.

मग प्लास्टरबाईची नजर खाली गेली. उजव्या पोटरीच्या आतल्या बाजूला ग्रीसचा काळा ठसा होता. एका ओळीत टोकदार दात, गोलाईत वळलेले. हा ठसा तिने शंभरदा पुसला होता. सायकलच्या दातेरी चाकाचा ठसा पायावर उमटतो तो सायकलसकट पडणाऱ्याच्याच.

तिच्या डोक्यातली मोठी जाऊ क्षणात विरून गेली. तिच्या जागी गळ्यात फीत अडकवलेला शिंपी उभा राहिला.

“आई, पडल्यावर तुम्ही त्या माणसाला काय म्हणालात?”

“कुठल्या माणसाला?”

“आई.”

सासूबाईंनी नजर खाली वळवली. “अगं बाई, म्हणाले.”

डॉक्टर येऊन हाड जागेवर बसवून गेले. पट्ट्या भिजत होत्या, पाणी निवत होतं, आणि सासूबाई बोलत होत्या. सायकल मैत्रिणीची. सहासष्टाव्या वर्षी शाळेमागच्या मैदानात शिकल्या. “लहानपणी चार भाऊ सायकल शिकले. चौघांच्या सीटा मागून मीच धरल्या, धावत धावत. माझी सीट धरायला कुणी आलं नाही. आता म्हटलं, मरायच्या आधी एकदा पाय वर उचलून बघू.”

“मग घरी का नाही सांगितलंत?”

“तुझ्या धाकाने! रोज ताटावर सायकलवाल्यांना शिव्या घालतेस. घास उतरत नाही माझ्या घशाखाली.”

“आणि फुटपाथवर कशाला चढलात?”

“रस्त्यावर ट्रक असतात गं. जीव घाबरतो.”

“आणि फुटपाथवरच्या माणसाचा जीव? घंटी तरी वाजवायची होती!”

“घंटी वाजवायला अंगठा उचलावा लागतो. अंगठा उचलला की माझं हँडल हलतं.”

प्लास्टरबाईला हसू आलं आणि तितकाच संतापही. ती निमूटपणे पट्ट्या चढवू लागली. तळव्यावर तोललेला तो म्हातारा हात हळूहळू गरम होत गेला. सकाळी आपण उच्चारलेलं ते एकच वाक्य तिला आठवत होतं. त्या वाक्याने एका माणसाचं मशीन गेलं असेल. सायकलवर सासूबाई होत्या, पण घाव तिचाही होता.

“चला,” ती म्हणाली. “त्याच्या घरी जायचंय.”

“आज?”

“आत्ता.”

पत्ता केसपेपरवर होता. शिंप्याच्या बायकोने दार उघडलं, दोघींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, सगळं ऐकून घेतलं आणि दाराला तशीच आडवी उभी राहिली.

“बाई, सकाळी म्हणालात आजी नाही. संध्याकाळी आजी घेऊनच आलात. कुठून शोधलीत?”

“माझी सासू आहे.”

“सुनेच्या सांगण्यावरून बोलणारी सासू?” बायको जरा विचारात पडली. “तेही पटत नाही म्हणा. बरं, आजी, तुम्हीच सांगा. तुम्ही धडकलात तेव्हा हे काय करत होते?”

“गात होते,” सासूबाई लगेच म्हणाल्या. “एकच ओळ, पुन्हा पुन्हा. सूर वर चढवायला गेले की खोकायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. मी मागून म्हटलं, अहो सरका, सरका! पण त्यांना स्वतःच्या गाण्यापुढे काही ऐकूच गेलं नाही.”

आतून शिंप्याचा आवाज आला, “बघ! खोकला होताच मला! म्हणून तर पेपरमिंट!”

बायको दारातून बाजूला झाली. तिचा दगड झालेला चेहरा सैल पडला.

“प्यायले की हे गात नाहीत,” ती हळू म्हणाली. “रडतात. आईच्या नावाने.” आणि मग तिने कपाळाला हात लावला. “पण मी दुपारीच दादाला सांगून बसले.”

कारखाना दोन गल्ल्या सोडून होता. तिघी तशाच निघाल्या. लांबट खोलीत आठ मशीनं ओळीने चालत होती, आणि खिडकीजवळच्या मशीनवर एक नवा माणूस बसून सुईत दोरा ओवत होता. शिंप्याचा मेहुणा कापडाच्या ताग्यावर खडूने रेघ मारत होता. त्याने बहिणीचं ऐकलं, सासूबाईंचंही ऐकलं. खडू काही खाली ठेवला नाही.

“अगं, तू भोळी आहेस. हाताला प्लास्टर बांधलेली म्हातारी कुणीही आणून उभी करेल.” मग तो प्लास्टरबाईकडे वळला. “आणि बाई, तुम्हीच ना सकाळी हिला सांगितलंत, असं काही होत नाही म्हणून? आता तुमचं कुठलं खरं धरायचं?”

मशीनं एकेक करून थांबली. सगळे तिच्याकडे बघायला लागले. चूक झाली, असं चारचौघांत म्हणायची तिला सवय नव्हती. आणि एकांतातही फारशी नव्हती.

“मी म्हणाले, असं बघितलेलं नाही,” ती म्हणाली. “बघितलं नव्हतं, ते खरंच होतं. पण मी बघितलं नाही म्हणजे घडलंच नाही, असं मीच धरलं, आणि तुमच्या बहिणीलाही धरायला लावलं. तोंडाला पेपरमिंटचा वास आला म्हणून त्याला दारुडा ठरवलं. चूक माझी आहे. त्या माणसाने सकाळपासून एकही शब्द खोटा सांगितलेला नाही.”

मेहुण्याने तिच्याकडे बराच वेळ रोखून बघितलं. मग खडू कानावर खोचला.

“मशीन पायाने चालतं. त्याचा पाय सहा आठवडे काही चालणार नाही. तोवर हा नवा बसेल तिथे, नंतर त्याचं मशीन त्याला. आणि उद्यापासून त्याला काज-बटणाला पाठव. हात तर धड आहेत ना?”

“त्यांचे आहेत,” सासूबाई म्हणाल्या. “मोडलाय तो माझा.”

आठही मशीनांमागून हसण्याचा लोट उठला. मेहुण्याने तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते.

परतीच्या वाटेवर दोघी फुटपाथच्या आतल्या कडेने चालल्या. प्लास्टरबाईने सासूबाईंचा चांगला हात धरला होता. दिवे लागत होते.

“अगं, हे प्लास्टर कधी निघतं?” सासूबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“सहा आठवड्यांनी. का?”

प्लास्टरमधून बाहेर आलेला अंगठा सासूबाई घंटी वाजवल्यासारखा उचलून बघत होत्या. त्यांचं ते अंगठा उचलणं प्लास्टरबाईला मुळीच आवडलं नाही.