'फील' शिकवताना

त्या हिवाळ्यात तलासरीत भूकंपाचे धक्के सारखे बसत होते. आमच्या वर्गाच्या भिंतीला तडा गेल्यापासून मी सातवीला इंग्रजी पटांगणातच शिकवायचे. त्या दिवशी 'फील' हे क्रियापद होतं. 'मला भीती वाटते' याचं एका मुलीने इंग्रजी केलं, "फिअर फील्स मी."

मी सांगितलं, "मराठीत भीती आपल्याला वाटते, पण इंग्रजीत वाक्याचा कर्ता माणूस असतो. आय फील अफ्रेड. आणि हाताला काही जाणवलं, तरी फीलच. फक्त काय जाणवलं ते पुढे सांगायचं."

एवढ्यात जमिनीखालून घुमल्यासारखा आवाज आला. छपराचे पत्रे खडखडले, फळा आडवा पडला. मुलं धावत येऊन मला बिलगली. "खाली बसा, बसा," मी ओरडत होते. आशागडला घरात माझी दोन वर्षांची लेक झोपली असेल, एवढंच डोक्यात होतं.

सगळं थांबल्यावर मी घरी फोन लावत राहिले, पण लागत नव्हता. त्याच मुलीने माझा हात धरला. "बाई, तुमचा हात थरथरतोय. आय फील."

"आय फील इट," मी सवयीने म्हटलं आणि मला रडूच फुटलं.

बऱ्याच वेळाने फोन लागला. सासूबाई म्हणाल्या, "आम्ही दोघी अंगणात आहोत गं, तू सावकाश ये."

शेवटच्या मुलाचे आईवडील न्यायला येईपर्यंत मी पटांगणातच बसून राहिले.