मात्येयने दार उघडलं

मात्येय शेबेस्ता आमच्या लिपा गावाचा पुढारी होता. त्याला कुणी निवडून दिलं नव्हतं. इंग्रजी कागद वाचणारा आणि अमेरिकन साहेबासमोर न अडखळता बोलणारा गावात तो एकटाच, म्हणून पुढारीपण त्याच्या गळ्यात पडलं. ते काढून टाकायचा प्रयत्नही त्याने कधी केला नाही, हेही खरं.

नेब्रास्काच्या या माळावर आम्ही सगळे समुद्रापलीकडच्या बोहेमियातून आलेलो. निम्मे चर्चला जाणारे, निम्मे न जाणारे. न जाणाऱ्यांसाठी मात्येयने मंडळ काढलं, त्याचा हॉल उभारला, बँड जमवला आणि वेगळी दफनभूमीही काढली. तिथे पाद्री नसे, त्यामुळे खड्ड्यापाशी भाषण मात्येयच करी. छान करी, पण लांबण लावी. थंडीत आमचे पाय बधिर होत. माझा नवरा म्हणायचा, "मी उन्हाळ्यात मरेन, उगाच लोकांचे हाल नकोत."

या दफनभूमीमुळेच त्याची धाकटी बहीण त्याच्यापासून तुटली. अपोलेना चर्चवाली. वडील गेले तेव्हा मात्येयने त्यांना पाद्र्याशिवाय मंडळाच्या दफनभूमीत पुरलं. ती कुंपणाबाहेर उभी राहिली आणि तशीच घरी गेली. तेव्हापासून दोघांत अबोला. तोही कसा, तर एका बांधावरचा. तिचे हंस त्याच्या जवात शिरले की तो त्यांना हाकत आणी आणि हंसांनाच मोठ्याने विचारी, "तुमच्या मालकिणीला कुंपण दिसत नाही का रे?" ती हंसांनाच सांगे, "चला घरी, इथला जव कडूच असतो." आम्ही कामं टाकून ऐकत असू.

मात्येयची बायको तेरेझा अकाली गेली. जाण्याआधी लेकीच्या, एमिल्काच्या दुलईसाठी तिने वर्षानुवर्षं पिसं साठवून ठेवली होती. आमच्यात मुलगी पिसांची दुलई घेतल्याशिवाय सासरी जात नाही. गेली तर सासरचे बोलत नाहीत, नुसतं बघतात, आणि ते जास्त वाईट. लग्न तोंडावर आलं तशा आम्ही बाया तेरेझाच्या स्वयंपाकघरात पिसं सोलायला बसलो. दांड्यावरचा मऊ भाग तेवढा ओढून काढायचा. हसायचं नाही, शिंकायचं नाही, श्वाससुद्धा बेताने. आणि दार तर आधी ठोठावल्याशिवाय, ढिगावर कापड पडल्याशिवाय उघडायचंच नाही. आमच्याकडे दोन वर्षांच्या पोरालाही हे कळतं.

त्या दुपारी उत्तरेचा वारा सुटला होता. ढीग टेबलभर झाला होता. मात्येयने धाडकन दार उघडलं.

"बायांनो, गाडी थांबणार. आपल्या गावात आगगाडी थांबणार."

या स्टेशनासाठी त्याने किती अर्ज केले होते, किती हेलपाटे घातले होते, हे आम्हाला माहीत होतं. पण त्याच्या मागून वारा आत शिरला. सगळा ढीग एकदम उठला. काही पिसं चुलीत गेली आणि करपली, बाकीची त्याच्या डोक्यावरून बाहेर पडली. अंगणात बर्फ होतं. पिसं कुठली आणि बर्फ कुठलं, कळेना.

एमिल्का रिकाम्या टेबलाकडे बघत राहिली. "आईची होती," एवढंच म्हणाली.

मला त्याचा असा राग आला की विचारू नका. "थांबेल हो गाडी," मी म्हटलं. "आता तुझ्या लेकीने काय पांघरून तिच्यात बसायचं तेही सांग."

तो पायरीवर मटकन बसला. केसांत पिसं, मिशीत पिसं. "बार्का, आता काय करू?"

"पिसं कुणाकडे आहेत ते तुला माहीत आहे."

"ती माझ्याशी बोलत नाही."

"मग हंसांशी बोल."

तो गेला. काय बोलला ते मला माहीत नाही. खिडकीतून एवढंच दिसलं की टोपी हातात घेऊन तो तिच्या अंगणात उभा आहे, हंस त्याच्यावर ओरडताहेत आणि एकाने त्याची विजार धरली आहे. अपोलेनाने सोडवायची घाई केली नाही.

दुसऱ्या दिवशी ती दोन पोती घेऊन आली. एमिल्काच्या गालावरून हात फिरवला. मग मला म्हणाली, "त्याला सांग, पिसं माझी, तेव्हा अटही माझी. त्यानेही सोलायला बसायचं. आणि तोंड उघडायचं नाही."

मात्येय बसला. एवढा मोठा पुढारी, जाड जाड बोटं, आणि एकेक पीस सोलताना घामाघूम. हसू दाबता दाबता आमचे हाल झाले. त्याला गप्प बसलेलं त्याआधी कुणी पाहिलंच नव्हतं. खसखस भरलेले गोड पाव, आमचे कोलाचे, भट्टीतून निघाले, वास घरभर झाला, तरी तो गप्पच.

टेबल पुन्हा भरत आलं तेव्हा अपोलेना मान वर न करता म्हणाली, "बाबांच्या वेळी काय बोललास? मी कुंपणाबाहेर होते. वाऱ्यात काही ऐकू आलं नाही."

मात्येयने ढिगाकडे बघितलं. तोंडासमोर तळहात धरला आणि जेमतेम ऐकू येईल इतकं हळू बोलला.

"म्हटलं, हा माणूस जन्मात एकदाच धावला. पोरगी गिरणीच्या तळ्यात पडली तेव्हा. तिला काढलं, कोटात गुंडाळून घरी आणलं. पुढे बोटीत बसलो, तर समुद्र संपेपर्यंत त्याने तिचा हात सोडला नाही. मी मोठा होतो, मला हेवा वाटायचा."

"हे सगळ्यांसमोर बोललास?"

"सगळ्यांसमोर. तूच तेवढी नव्हतीस."

"दादा," ती म्हणाली, आणि हुंदका दाबायचं विसरून मोठ्याने रडली. अर्धा ढीग छताला गेला.

कुणी तिला रागावलं नाही. मी उठले आणि दार नीट लागलंय ना ते पाहून आले.