सोमवारी शुद्धलेखन, मंगळवारी बाळंतपण

बाविसाव्या वर्षी माणूस किती मूर्ख असू शकतो याचा पुरावा हवा असेल, तर मी तेव्हा केलेलं वेळापत्रक दाखवायला हवं होतं. ते मी पुढे स्वतःच चुलीत घातलं, म्हणून माझी अब्रू वाचली.

मी मुलींच्या शाळेत तिसरीला शिकवत होते. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती आणि घरात मी आणि सासूबाई, अशा दोघीच. शाळेतली नोकरी कच्ची होती. खंडव्याहून ट्रेनिंग झालेली एखादी बाई आली की मला नारळ, हे सगळ्या बुऱ्हाणपुराला ठाऊक. तेवढ्यात बायकांच्या दवाखान्यात सुईणपणाचा वर्ग निघाला. मी नाव घातलं. शाळा सोडता येत नव्हती आणि वर्ग सोडायचा नव्हता. तेव्हा मी लाकडी पट्टी घेऊन कागदावर चौकोन आखले. पहाटे साडेपाच ते दहा वॉर्ड, अकरा ते पाच शाळा, दिवेलागणीपर्यंत पुन्हा वॉर्ड. एवढ्यावर थांबले असते तर मी शहाणी ठरले असते. पण मी पुढे लिहिलं: सोमवार, शुद्धलेखन. मंगळवार, बाळंतपण. बुधवार, भागाकार.

मेट्रनबाईंनी तो कागद दोनदा वाचला. जन्म मिरजेचा, आवाज करवतीसारखा. म्हणाल्या, "छान आहे. आता हा वॉर्डात लाव, म्हणजे पोटातल्या बाळांना वाचता येईल."

त्यांचा नियम एकच, पण लोखंडी होता. पहिल्या कळेपासून वार पडून बाळाला अंघोळ घालेपर्यंत जी हजर, तिच्याच नावावर ते बाळंतपण लागायचं. मधून उठलीस की गेलं. अशी वीस लागली तरच परीक्षेला बसायचं. आणि बुऱ्हाणपुरातली बाळं कशी, तर सगळी दहा वाजून दोन मिनिटांनी यायची. दहापर्यंत मी त्या बाईची कंबर चोळायची, तिला धीर द्यायचा आणि दहाला पळत सुटायचं. मागे रडण्याचा आवाज आला की समजायचं, हेही गेलं. तिकडे वर्गात पोरी सात आठे छप्पन्न म्हणायच्या आणि इकडे माझा जीव त्या न पाहिलेल्या बाळात.

एका बाबतीत मात्र माझी चंगळ होती. बाकीच्या शिकाऊ बायकांना मेट्रनबाई हातातल्या बांगड्या काढायला लावायच्या, आणि त्या रडायच्या. माझे हात मोकळेच होते. "तुला बरं आहे गं," एक जण म्हणाली, आणि मग जीभ चावून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला हसू आलं होतं. आजही येतं.

शाळेत यातलं काही कुणाला ठाऊक नव्हतं. हेडबाई सोवळ्याच्या इतक्या कडक की पोरींच्या पाण्याच्या माठाला मीसुद्धा हात धुतल्याशिवाय शिवायचं नाही. बाळंतिणीच्या खोलीतून आलेल्या बाईला त्यांनी फाटकातच उभं केलं असतं. म्हणून मी रोज राजघाटावर उतरून तापीत बुचकळी मारायची आणि ओल्या केसांनी शाळेत जायची. परिणाम काय झाला, तर मी पुण्यवान ठरले. थंडीतसुद्धा रोज नदीचं स्नान! घाटावरच्या बायका वाट सोडू लागल्या. हेडबाई प्रार्थनेच्या वेळी पोरींना म्हणाल्या, "बाईंसारखं व्रत करायला मन घट्ट लागतं." मी मान खाली घातली. पोरी म्हणाल्या, बाई किती विनयी.

वर्ष संपत आलं. शेवटचा दिवस उजाडला तेव्हा एकोणीस बाळंतपणं माझ्या नावावर होती. परीक्षेचे अर्ज दुसऱ्या दिवशी सकाळच्या टपालाने नागपूरला जायचे होते. म्हणजे एकच दिवस, एकच बाळ. आणि नेमकी त्याच दिवशी शाळेची तपासणी. तपासणीच्या बाई नागपूरच्या, आणि पहिला वर्ग तिसरीचा बघणार.

सकाळी फोपनार गावाहून बैलगाडी आली. गाडीतली बाई तिसऱ्या खेपेची. मला वाटलं, नऊपर्यंत मोकळी. नऊ वाजले. कळा आल्या नि गेल्या. साडेनऊला मी घड्याळाकडे बघू लागले, पावणेदहाला दाराकडे.

"बाई, तुमी काहून इतक्या कासावीस होऊन राहिल्या?" ती बाई म्हणाली. "कळा मला येऊन राहिल्या ना?"

"मला शाळा आहे हो."

"मंग जा ना माय. हा काही तुमच्या शाळेत नाव घालाले येऊन नाही राहिला."

मेट्रनबाई दारात उभ्या होत्या. "जायचं तर जा," त्या म्हणाल्या. "मी करते हिचं. पण मग ते माझं."

दहाचे टोले पडले. मी खाली बसले. शूर वगैरे काही नव्हते, विसावं सोडवेना. अकराला दहा मिनिटं कमी असताना मुलगी झाली, मोठ्या आवाजाची. नाळ बांधली, वार पडली, बाळाला अंघोळ घातली, तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. मेट्रनबाईंनी वहीत वीसचा आकडा घातला आणि म्हणाल्या, "पळ आता."

टांगा केला. राजघाटाला जायला वेळ नव्हता.

आता माझ्या मूर्खपणाचा खरा कळस ऐका. मी कोपरापर्यंत हात साबणाने चार वेळा आणि औषधाच्या पाण्याने दोन वेळा धुतले होते. त्या घटकेला अख्ख्या शाळेत माझ्याइतकं स्वच्छ कुणी नव्हतं. तसं शिकलेही होते, उत्तरपत्रिकेत लिहिणारही होते. आणि तरी वर्गाच्या उंबऱ्यापाशी माझा पाय थांबला. अंघोळ नाही, विटाळ आहे, आत कशी जाऊ?

आत तपासणीच्या बाई खुर्चीवर, शेजारी हेडबाई घामाघूम. मी बाहेरूनच ओरडले, "पाट्या घ्या. एकशे चव्वेचाळीस भागिले बारा. झाल्या की वर धरा."

पोरींनी पाट्या वर धरल्या. मी लांबूनच चूक-बरोबर सांगू लागले. "तिसऱ्या रांगेतली, शेवटचा चार खाली उतरवायला विसरलीस."

तपासणीच्या बाईंनी चष्मा काढला. "तुम्ही बाहेर का?"

खोटं बोलायची मला चांगली सवय झाली होती. पण त्या क्षणी एकही खोटं सुचेना. "बाळंतपण करून आले," मी म्हटलं. "अंघोळ राहिली."

हेडबाई उठल्या. मला वाटलं, संपलं. त्या कोपऱ्यातल्या माठापाशी गेल्या, मोठा तांब्या भरला, उंबऱ्यापाशी आल्या आणि सगळं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं. मग दुसरा तांब्या.

"तापीचं नाही, गावातल्या भुयारी कुंडीचं आहे," त्या म्हणाल्या. "चालेल. आत या." आणि माझ्या कानाशी येऊन, "काय झालं?"

"मुलगी."

"आई?"

"बरी आहे."

"मग उशीर माफ."

मी आत गेले. लुगड्यातून पाणी ठिबकत होतं, ओला पदर फळ्यावरचे आकडे पुसत होता आणि मी भागाकार शिकवत होते. तपासणीच्या बाईंनी शेरा काय लिहिला ते हेडबाईंनी मला कधी दाखवलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून पहिले दोन तास त्या स्वतः घेऊ लागल्या. मला साडेबाराला यायची मुभा. कशाबद्दल, ते कुणी विचारलं तर म्हणायच्या, "व्रत आहे त्यांचं."

परीक्षेचा निकाल आला तेव्हा आमच्या वर्गातल्या नऊजणींत माझा दुसरा नंबर होता. सासूबाईंनी आळीभर गूळ वाटला आणि प्रत्येक दारात सांगितलं की पहिली आलेली बाई वयाने मोठी होती, तिचं काय कौतुक. मी हेडबाईंना सांगायला गेले.

"दवाखाना घेणार तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"हो. पुढच्या महिन्यापासून."

"जा. पण तिसरीची परीक्षा घेऊन जा. अर्धवट सोडून उठायचं नसतं, असं ऐकते."

म्हणून घेतली. वर्गातल्या सगळ्या पोरी पास झाल्या, दोघी सोडून. भागाकारात गेल्या बिचाऱ्या. पुढे सात-आठ वर्षांनी त्या दोघींची पहिली बाळंतपणं माझ्याच हातून झाली, आणि सांगायला हरकत नाही, त्या परीक्षेत दोघीही पहिल्या वर्गात पास.