ऐकू येत नाही, बोला

"ऐकू येत नाही, बोला," असं म्हणून काका खुर्ची पुढे ओढायचे, डोळे मिटायचे आणि मान किंचित वाकवायचे. जन्मभर कारखान्यात प्रेस मशीनवर काम करून त्यांचे कान गेले होते. सोलापूरकडचे ख्रिस्ती. इकडे कन्नड मुलखात, कोरमंगल्यात, माझ्या सोफ्यांच्या दुकानामागच्या गल्लीत एकटेच राहायचे.

काकू गेल्यावर त्यांनी चर्चही सोडलं. "प्रवचन ऐकू येत नाही, गाताना सूर चुकतो. प्रभूनं मला ठेवलंय कशाला?" हे ते रोज दुकानात येऊन विचारायचे, तेही गिऱ्हाईक बसलेलं असताना. भाव ठरत आलेला असताना मरणाच्या गोष्टी ऐकून कोण सोफा घेईल, तुम्हीच सांगा.

एकदा चर्चचे पाळकसाहेब त्यांना बळेच इस्पितळात घेऊन गेले, आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायला. साहेबांना फोन आला, ते बाहेर गेले. खाटेवरच्या बाईनं नर्सला विचारलं, "या आजोबांना ऐकू येतं का?" नर्स म्हणाली, "अजिबात नाही." बाई बोलू लागली. साहेब परतले तेव्हा ती रडून मोकळी झाली होती आणि काका तिचा हात धरून प्रार्थना करत होते.

तेव्हापासून वॉर्डातली माणसं काकांनाच बोलावू लागली. नवऱ्याला, मुलाला, डॉक्टरला जे सांगता येत नाही ते यांना सांगायची. गुडघे धरलेले असले तरी काका इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे. म्हणायचे, "मला कळायची गरज नाही. ज्याला कळायचं त्याला कळतं."

मला मात्र राहवेना. एका दुकानदाराशी तासभर भांडून मी त्यांच्यासाठी कानाचं मशीन आणलं, जवळजवळ निम्म्या भावात. माझं मन राखायला त्यांनी ते घातलं.

काही दिवसांनी आले ते चेहरा पाडून. "कुणी बोलत नाही, अण्णा. कानाकडे बघतात आणि हवापाण्याचं बोलतात."

"ऐकू तर येतंय ना?"

"येतंय. पंखा ऐकू येतो."

"मग काढून टाका."

"वॉर्डात काढूनही बसलो. तरी विचारतात, खिशात आहे का? विश्वास कुठून आणू?" त्यांनी मशीन कानातून काढून माझ्या टेबलावर ठेवलं. "काम गेलं माझं."

मी भडकलो. कुणाचं चांगलं करायला जावं तर हे असं.

त्याच महिन्यात माझ्या बायकोच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन चालू होतं, मी बाहेर बाकावर बसलो होतो. काका येऊन शेजारी बसले. कानात काही नव्हतं. पण मी व्यापारी माणूस, खात्री करून घेणारच. हळूच म्हणालो, "काका, पायाजवळ साप आहे." ते डोळे मिटून शांत बसले होते.

मग मी बोललो. थोरल्या भावानं मला वडिलांच्या दुकानातून कसं बाहेर काढलं, ते. अजूनही तो विषय निघाला की माझं डोकं तापतं. त्याचं वाटोळं व्हावं म्हणून देवाजवळ काय काय मागितलं होतं, तेही बोललो. देवानं घर चुकून ते माझ्या बायकोवर टाकलं तर, ही भीतीही सांगून टाकली. काकांनी माझा हात धरला.

समोरच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. मी डोळे पुसून उठलो तशी तिनं कन्नडमध्ये विचारलं, "खरंच ऐकू येत नाही? परीक्षा घेतलीत?"

"घेतली, अक्का. माल सरी आहे, अगदी चोख."

ती माझ्या जागेवर जाऊन बसली. तिच्यामागून आणखी कुणी कुणी. काका पुन्हा कामाला लागले.

बायको बरी झाली. काका गेल्या वर्षी गेले. चर्चमध्ये मावेनात इतकी माणसं आली, बहुतेक एकमेकांना अनोळखी. तुमची त्यांची ओळख कशी, असं कुणी कुणाला विचारलं नाही. कुणी कुणाच्या डोळ्यांत पाहिलंही नाही. पेटी कबरीत उतरवताना मात्र सगळे पुढे झुकून बघत होते, आपापलं सांगितलेलं नीट तळाला पोहोचतंय ना ते. मग प्रत्येकानं मूठभर माती टाकली.

मी दोन मुठी टाकल्या.